लॉरेन्झचे मासे आणि आपला राग

(धाराशिव जिल्ह्यातील सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाचा माणूस माशांवर काय बोलणार? रास्त शंका आहे. मी प्राणिशास्त्रज्ञ नाही. पण आज मी माशांपेक्षा जास्त एका पुस्तकावर बोलणार आहे. त्या पुस्तकानं काचेच्या पेटीतल्या माशांवरून थेट माणसाच्या स्वभावापर्यंत उडी मारली. ती उडी तपासणं हे मात्र तत्त्वज्ञानाचंच काम आहे.

पुस्तक कोनराड लॉरेन्झ यांचं. मूळ जर्मन, 1963 सालचं. त्या नावाचा अर्थ 'तथाकथित दुष्टता' असा होतो. 1966 मध्ये ते इंग्रजीत 'ऑन अ‍ॅग्रेशन' या नावानं आलं आणि जगभर गाजलं. लॉरेन्झना पुढं 1973 साली टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आक्रमकता हा रोग नाही, ती जगण्यासाठी घडलेली सहजप्रवृत्ती आहे, ती आतून साचत जाते, आणि प्रेमाचा, जोडीचा बंध तिच्यातूनच घडतो. या तिन्ही गोष्टींसाठी त्यांचा मोठा साक्षीदार म्हणजे सिक्लिड जातीचे मासे.

हे मासे कोण?

नाव परकं वाटतं, पण मासे ओळखीचे आहेत. उजनीच्या पट्ट्यात आणि आपल्याकडच्या तलावांत, शेततळ्यांत जी 'चिलापी' मिळते, म्हणजे तिलापिया, ती सिक्लिडच. मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणलेली. गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात, केरळात करीमीन म्हणतात, तोही सिक्लिड. पण तो मात्र इथलाच. दुकानात काचेच्या पेटीत विकतात ते एंजल, ऑस्कर, कपाळावर टेंगूळ असलेला आणि लोक 'लकी' म्हणून घरी आणतात तो फ्लॉवरहॉर्न, सगळे याच कुळातले. आफ्रिका, दक्षिण आणि मध्य अमेरिका, मादागास्कर, आणि आपला दक्षिण भारत व श्रीलंका असा त्यांचा पसारा आहे.

लॉरेन्झच्या पुस्तकात एक पिवळा सिक्लिड फार महत्त्वाच्या जागी येतो. तेव्हाचं शास्त्रीय नाव एट्रोप्लस मॅक्युलॅटस. इंग्रजीत त्याला ऑरेंज क्रोमाइड म्हणतात. तो केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यातला, कालुंदरचा धाकटा भाऊबंद. म्हणजे युरोपातल्या या मोठ्या वादात साक्ष द्यायला उभा राहिलेला एक मासा आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा आहे.

आता हे मासे करतात काय ते बघू. दोन नर समोरासमोर आले की आधी पंख ताठ करतात. अंगाची बाजू दाखवतात, म्हणजे आपण केवढे आहोत ते दाखवतात. गालाची झाकणं फुगवतात. शेपटीनं पाण्याचा फटका मारतात. तो फटका दुसऱ्याच्या अंगाला जाणवतो. एवढ्यानं भागलं नाही तर जबड्यात जबडा अडकवून ओढाओढ, ढकलाढकली. बहुतेक वेळा एक जण रंग फिका करतो, पंख मिटतो आणि निघून जातो.

आणि प्रणय? जोडी बांधून राहणाऱ्या जातींत नर-मादी पहिल्यांदा भेटतात तेव्हा काय होतं? पंख ताठ. अंगाची बाजू दाखवणं. शेपटीचा फटका. कधीकधी जबड्यात जबडासुद्धा. नवख्या माणसाला कळतच नाही की हे भांडण चाललंय की लग्न जमतंय! मासे पाळणाऱ्यांची नेहमीची अडचण ही आहे. 'जोडी' म्हणून आणलेले दोन मासे, सकाळी बघावं तर एकाचे पंख फाटलेले.

लॉरेन्झचं मोठेपण इथं मान्य केलं पाहिजे. त्यांनी या गोंधळाला 'मासा वेडा झाला' असं म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, एकाच हालचालीचे दोन अर्थ कसे होतात? त्यांच्या विद्यार्थिनी बेआट्रिस ओएलर्ट यांनी दाखवलं होतं, की या माशांत नराच्या ठिकाणी आक्रमकता आणि प्रणय एकत्र नांदतात, पण भीती आली की प्रणय संपतो. मादीच्या ठिकाणी भीती आणि प्रणय एकत्र नांदतात, पण आक्रमकता आली की प्रणय संपतो. म्हणजे हालचाल तीच, तिच्यामागचं मिश्रण वेगळं. असं बारकाईनं बघणं हीच समजून घेण्याची सुरुवात असते.

मत्स्यन्याय नव्हे

आपल्या परंपरेत मासा आणि बळजोरी यांची जोडी जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मत्स्यन्याय येतो, महाभारताच्या शांतिपर्वात येतो. दंड नसेल तर बलवान दुबळ्याला गिळतो, जसा मोठा मासा लहान माशाला. पण हा दृष्टांत भक्षणाचा आहे, आणि लॉरेन्झ पहिल्याच टप्प्यावर सांगतात की भक्षण म्हणजे आक्रमकता नव्हे. बेडकाला गिळणाऱ्या सापाला बेडकाचा राग आलेला नसतो. राग येतो तो आपल्यासारख्याच दुसऱ्याचा, जो तीच जागा, तीच जोडीदारीण मागतो. हा भेद लॉरेन्झनी स्पष्ट केला आणि तो टिकणारा आहे. आपल्याकडचे लोक वर्तमानपत्रात कुठल्याही भांडणाला 'मत्स्यन्याय' म्हणतात, त्यांनी हा भेद लक्षात घ्यावा.

आता त्यांचं प्रसिद्ध निरीक्षण. दोन पेट्या शेजारी, मध्ये काच. दोन्हीकडे एकेक जोडी. काचेतून शेजारी दिसतात, दोन्ही नर काचेवर धडका देतात, आणि आपापल्या मादीशी गुण्यागोविंदानं राहतात. मग काचेवर शेवाळ चढतं. शेजारी दिसेनासा होतो. आणि नर आपल्याच मादीवर धावून जायला लागतो! काच पुसली की पुन्हा घरात शांतता. आपल्या मराठीत याला तयार शब्दप्रयोग आहे: वड्याचं तेल वांग्यावर. शेजारी मिळाला तर शेजाऱ्यावर, नाही तर घरच्यावर.

हे निरीक्षण खोटं नाही. अ‍ॅन रासा यांनी 1969 मध्ये याच एट्रोप्लसवर पद्धतशीर प्रयोग केले; एकट्या ठेवलेल्या जोड्यांत आपसातली मारामारी वाढते या म्हणण्याला त्यातून आधार मिळाला. माझा आक्षेप निरीक्षणावर नाही. आक्षेप आहे तो त्याच्या स्पष्टीकरणावर, आणि त्याहून जास्त त्या स्पष्टीकरणाच्या पुढच्या प्रवासावर.

टाकीचं चित्र

लॉरेन्झचं स्पष्टीकरण टाकीचं आहे. प्राण्याच्या आत आक्रमकतेची टाकी, ती थेंबथेंब भरत राहते. योग्य शत्रू दिसला की नळ उघडतो. शत्रू दिसलाच नाही तर टाकी इतकी भरते की क्षुल्लक कारणानं, किंवा कारणाशिवायही, ती वाहू लागते. म्हणून एकटा नर मादीवर जातो.

चित्र म्हणून फार सुबक आहे. आपण आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी येणारी माणसं, आपल्याला टाकीचं चित्र लगेच पटतं. पण चित्र पटलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हाइंड यांनी 1960 मध्येच अशा 'साठलेल्या शक्ती'च्या कल्पनांवर सविस्तर टीका केली होती: उपमा म्हणून आणलेली टाकी बघता बघता खरी टाकी समजली जाते.

टाकी खरी असेल तर दोन गोष्टी घडायला हव्यात. एक, माशाला बराच काळ एकटं ठेवलं तर त्याची हल्ल्याची तयारी वाढत गेली पाहिजे. दोन, त्याला रोज भांडू दिलं तर ती कमी झाली पाहिजे. वॉल्टर हायलिगेनबर्ग आणि उर्सुला क्रामर यांनी 1972 मध्ये एका आफ्रिकी सिक्लिडवर, तेव्हाचं नाव हॅप्लोक्रोमिस बर्टोनी, हेच तपासलं. एकट्या राहिलेल्या नरांची हल्ल्याची तयारी वाढली नाही, ती हळूहळू उतरत गेली. आणि रोज प्रतिस्पर्ध्याचा पुतळा दाखवत गेलं तेव्हा ती वाढत गेली. म्हणजे टाकीच्या सिद्धान्ताच्या नेमकं उलट. भांडणानं भांडण संपलं नाही, वाढलं.

यावर कुणी म्हणेल, की जात वेगळी आहे. बरोबर. सगळे सिक्लिड एका मापाचे नाहीत, आणि हा मुद्दा मी पुढं वापरणारच आहे. पण लॉरेन्झचा दावा एका जातीचा नव्हता. त्यांना ती टाकी माशांत हवी होती, बदकांत हवी होती आणि माणसांतही हवी होती. सार्वत्रिक दाव्याला एक खरा अपवाद पुरतो.

व्याप्ती आणि उपाधी

आता त्यांचा तिसरा दावा: बंध आक्रमकतेतून घडतो. त्यांचं सूत्र असं, की ज्या प्राण्यांत जोडीचा वैयक्तिक बंध आहे तिथं आक्रमकता असतेच. आक्रमकता नसेल तिथं असा बंध नाही.

न्यायशास्त्र शिकलेल्यांना इथं धूर आणि अग्नी आठवतील. जिथं धूर तिथं अग्नी, ही व्याप्ती बरोबर. पण उलटं, जिथं अग्नी तिथं धूर, हे चूक. नैयायिकांचं उदाहरण आहे तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचं. अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कुठं येतो? अग्नीला ओलं सरपण लागलं की. त्या ओल्या सरपणाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. उपाधी ओळखता आली नाही की अनुमान फसतं.

आमच्या भागातली चिलापी हा तो लोखंडी गोळा आहे. चिलापीचा नर उथळ पाण्यात तळाच्या चिखलात तोंडानं खळगा करतो, बशीसारखा गोल. शेजारी दुसऱ्या नराचा खळगा. दिवसभर हद्दीवरून चकमकी. मादी येते, खळग्यात अंडी घालते, ती तोंडात घेते आणि निघून जाते. अंडी, पिल्लं, सगळं तिच्या तोंडात सांभाळलं जातं. नर पुढच्या मादीची वाट बघत खळग्यावरच. आक्रमकता भरपूर, पण बंध काही नाही. उन्हाळ्यात तलाव आटायला लागला की कडेच्या चिखलात असे गोल खळगे दिसतात. ते माणसानं केलेले नसतात, एवढं आता लक्षात ठेवा.

आणि एट्रोप्लस? तिथं नर-मादी दोघं मिळून जागा साफ करतात. दोघं अंड्यांना पंखांनी वारा घालतात. पिल्लं फुटली की खळग्यात हलवतात. पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट थर टोकरून खातात, दोघांच्याही. वॉर्ड आणि बार्लो यांनी 1967 मध्ये याचा छान अभ्यास केला आहे. इथं आक्रमकता आहे आणि बंधही आहे. फरक कशात पडला? ओल्या सरपणात. दोघांनी मिळून करायच्या कामात.

मग शेवाळलेल्या काचेचं निरीक्षण पुन्हा बघा. शेजारी दिसत होता तेव्हा जोडीला काय होतं? लॉरेन्झ म्हणतात, राग काढायला जागा होती. मी म्हणतो, दोघांना मिळून करायचं काम होतं: हद्द राखायची होती. शेजारी दिसेनासा झाला तेव्हा काम गेलं आणि चार काचांच्या आत फक्त एकमेकं उरली. माझं वाचनच बरोबर असा हट्ट नाही. पण त्याच निरीक्षणाचं दुसरं वाचन होऊ शकतं, आणि हायलिगेनबर्ग-क्रामरच्या निष्कर्षाशी त्याचं भांडण होत नाही, एवढं मी नक्की म्हणेन.

आणखी एक गोष्ट. हे सगळं पेटीत घडतंय. नैसर्गिक पाण्यात मार खाणारी मादी दहा हात लांब निघून जाते आणि प्रकरण संपतं. पेटीत तिला जायला जागा नाही. रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी 2011 मध्ये मिडास सिक्लिडच्या बाबतीत दाखवलं, की फार मोठ्या आणि आडोसे असलेल्या जागेत मारामारी कमी होते. घरगुती मापाच्या पेट्यांत ती जास्त. ज्यांच्या घरी असे मासे आहेत त्यांनी यातून व्यवहारापुरतं घ्यावं: जोडी लावताना आधी मध्ये काच ठेवा, एकमेकांना बघू द्या, दगड, मडक्याची खापरं असा आडोसा ठेवा, आणि मादीचा रंग फिका पडून ती कोपऱ्यात वर जाऊन थांबली असेल तर 'जमेल हळूहळू' म्हणत बसू नका, तिला वेगळं काढा.

मावशी, मोलकरीण आणि आपण

आता त्या उडीकडे येऊ. लॉरेन्झ याच संदर्भात आपल्या एका विधवा आत्या-मावशीची गोष्ट सांगतात. या बाईंकडे मोलकरीण आठ-दहा महिन्यांपलीकडे टिकायची नाही. नवी आली की तिचं कोडकौतुक, मग हळूहळू खोड्या दिसायला लागायच्या, शेवटी मोठं भांडण आणि हकालपट्टी. की लगेच पुढची मोलकरीण देवदूत! लॉरेन्झ हे प्रेमानं, गमतीनं सांगतात. त्यांच्या मते हीच ती टाकी, मासा असो की मावशी.

वाचक हसतो आणि पुढं जातो. मी म्हणतो, थांबा. या गोष्टीत दुसरी एक बाई आहे, तिचं काय? आणि मावशींची टाकी दर वेळी मोलकरणीवरच का रिकामी होते? बँकेच्या मॅनेजरवर का नाही, पाद्र्यावर का नाही? लॉरेन्झ म्हणतील, तिथं भीती आडवी येते. मान्य. पण मग निवड कोण करतंय? कुणावर ओरडायचं आणि कुणावर नाही, हे ज्याला बरोबर कळतं, त्याची टाकी आपोआप फुटली असं कसं म्हणायचं? कचेरीत साहेबांपुढं दिवसभर हात बांधून उभा राहणारा, वाटेत ओळखीच्यांना रामराम घालणारा, आणि उंबरठा ओलांडल्यावर बायकोवर हात उगारणारा माणूस उद्या म्हणतो, 'मला राग आवरला नाही.' अहो, सहा तास आवरलाच की!

वड्याचं तेल वांग्यावर निघतं हे खरं. पण ते नेहमी वांग्यावरच का निघतं, हा प्रश्न टाकीच्या चित्रात विचारताच येत नाही. म्हणून ते चित्र मला धोक्याचं वाटतं. आपल्या भागात पाऊस गेला, पीक गेलं, देणेकरी दारात आले, की पुरुषाच्या मनावर ताण येतो. तो ताण खरा आहे, त्याची टिंगल कुणी करू नये. पण त्याच घरात त्याच पावसाचा ताण बाईवरही असतो. तिची टाकी कुणावर रिकामी होते? 'पुरुषाचा राग निघू द्यावा, निघाला की शांत होतो' असं सांगणाऱ्या वडीलधाऱ्या बायका आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. त्या मासेही पाळत नाहीत आणि जर्मनही वाचत नाहीत, पण सिद्धान्त लॉरेन्झचाच सांगतात. आणि माशांवरच्या प्रयोगानं सुद्धा तो सिद्धान्त टिकला नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

लॉरेन्झचा चरित्रातला एक भाग इथं टाळता येणार नाही. 1938 मध्ये ते नाझी पक्षात गेले. 1940 मध्ये क्योनिग्जबर्गला, जिथं एकेकाळी कांट शिकवत होता तिथं, प्राध्यापक झाले. त्याच वर्षी माणूस 'पाळीव' होऊन बिघडतो अशा अर्थाचं, त्या राजवटीच्या भाषेतलं लेखन त्यांनी केलं. पुढं नोबेलच्या वेळी त्याबद्दल खेद व्यक्त केला. माणूस चुकला म्हणून त्याचं काचेवरच्या शेवाळाचं निरीक्षण खोटं ठरत नाही. पण निसर्गातलं 'आहे' उचलून माणसासाठी 'असंच असणार' म्हणायची घाई किती महागात पडते, हे त्यांच्याच आयुष्यात दिसतं.

लॉरेन्झ हिंसेचे भक्त नव्हते, हेही नमूद करतो. उपाय म्हणून ते खेळ सुचवतात, परक्यांशी ओळख सुचवतात, विनोद सुचवतात. उपाय चांगले आहेत. फक्त त्यांना टाकीची गरज नाही.

मासा किती समजतो?

शेवटी एका श्रोत्यानं आधीच पाठवलेला प्रश्न: 'माशाला प्रेम असतं का?' दोन प्रयोग सांगतो. 2007 मध्ये ग्रोसेनिक, क्लेमेंट आणि फर्नाल्ड यांनी दाखवलं, की त्याच बर्टोनी जातीचा नर इतरांची भांडणं नुसती काठावरून बघून, कोण कुणाहून वरचढ, याचा क्रम लावतो. अ हा ब ला हरवतो, ब हा क ला हरवतो, असं पाहिलं की न बघितलेल्या जोडीबद्दलही अनुमान काढतो. म्हणजे अनुमान करायला संस्कृत यावं लागत नाही! दुसरा, 2019 चा, फ्रान्समधल्या संशोधकांचा. कॉन्व्हिक्ट सिक्लिडच्या माद्यांना आधी डबीचं एक चिन्ह म्हणजे खाऊ, दुसरं म्हणजे काही नाही, असं शिकवलं. मग मधलंच, संदिग्ध चिन्ह दाखवलं. ज्यांना पसंतीचा नर मिळाला होता त्या आशेनं पुढं गेल्या. ज्यांच्या गळ्यात नापसंत नर पडला त्या रेंगाळल्या.

याला प्रेम म्हणा असा माझा आग्रह नाही. पण मासा म्हणजे भरून वाहणारी टाकी, हेही यातून निघत नाही. तो बघतो, ओळखतो, निवडतो, आणि न आवडलेल्या सोबतीनं त्याचं बघणंच बदलतं. लॉरेन्झनी माशांकडे बघायला शिकवलं आणि मग स्वतःच घाईनं नजर माणसाकडे वळवली. ते अजून थोडा वेळ माशांकडेच बघत राहिले असते, तर 'राग आवरला नाही' म्हणणाऱ्या माणसाला त्यांच्या पुस्तकात इतका सोयीचा आधार मिळाला नसता.

प्रश्न असतील तर घेऊ.